वरळी कोळीवाडा : जमिनीवरची वस्ती, पाण्यावरची वाट

मुंबई शहराचा नकाशा समोर ठेवला असता वरळीचे उत्तर टोक माहीमच्या उपसागरात जिभेसारखे शिरलेले दिसते. या जिभेच्या शेंड्यावर इंग्रजांच्या काळातील एक लहानसा किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याशी वरळीचा कोळीवाडा वसलेला आहे. पश्चिमेस खुला अरबी समुद्र, पूर्वेस उपसागराचे तुलनेने शांत पाणी आणि दक्षिणेस गगनचुंबी इमारतींची रांग अशी या वस्तीची चतुःसीमा. अरुंद गल्ल्या, एकमेकांना खेटून उभी घरे, ओट्यावर पसरलेली जाळी आणि वाऱ्याबरोबर येणारा सुक्या मासळीचा वास यांमुळे नवख्या माणसास हा कोळीवाडा म्हणजे महानगराच्या विस्तारात चुकून राहून गेलेले एक खेडे वाटते. वस्तुतः क्रम उलटा आहे. खेडे येथे आधीच होते. महानगर त्याच्याभोवती मागाहून उभे राहिले.

सात बेटांपैकी एक

आजची मुंबई ज्या सात बेटांची मिळून झाली, त्यांपैकी वरळी हे एक. कोळी हे या बेटांवरील सर्वांत जुन्या रहिवाशांपैकी होत आणि ज्या मुंबादेवीवरून शहरास नाव मिळाले असे मानले जाते, ती कोळ्यांचीच देवता. १६६१ च्या विवाह-करारान्वये पोर्तुगिजांकडून मुंबई इंग्लंडच्या राजाकडे आली आणि १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेली. माहीमच्या उपसागरात शिरणाऱ्या गलबतांवर नजर ठेवण्यासाठी कंपनीने १६७५ च्या सुमारास वरळीच्या टोकावर किल्ला बांधला. पलीकडच्या तीरावर, वांद्र्यास, पोर्तुगिजांचा किल्ला होता, मध्ये माहीमचा. तीन किल्ले एकमेकांकडे पाहत असताना त्यांच्या मधल्या पाण्यात कोळ्यांच्या होड्या आपापले काम करीत होत्या. सत्तांतराच्या इतिहासात या होड्यांचा उल्लेख क्वचितच येतो. पहाऱ्याच्या तोफा गेल्या, तटाच्या आत आता मारुतीचे छोटे देऊळ आणि तरुणांची तालीम आहे.

वरळी आणि मुंबईचे मुख्य बेट यांच्यामधील खिंडारातून भरतीचे पाणी आत येई व आतील सखल भाग पाण्याखाली जाई. अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात हे खिंडार बांध घालून बंद करण्यात आले. हॉर्नबी वेलार्ड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बांधामुळे बेटे जोडली गेली आणि शहरास विस्तीर्ण जमीन मिळाली. बांध वारंवार ढासळत होता व समुद्रातून देवीच्या मूर्ती बाहेर काढून त्यांची स्थापना केल्यावरच तो टिकला, अशी महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी तिच्यातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. समुद्र हटवायचा तर त्याची परवानगी घ्यावी लागते, ही भावना त्या काळच्या लोकमानसात होती. पुढे ती राहिली नाही.

विसाव्या शतकात वरळीचे रूप झपाट्याने पालटले. १९२० नंतरच्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या बी. डी. डी. चाळी, गिरण्या, समुद्रकिनाऱ्यालगतचा प्रशस्त रस्ता, त्यानंतर दूरदर्शन केंद्र, कचेऱ्या आणि उत्तुंग निवासी मनोरे एकापाठोपाठ एक आले. बेटाच्या टोकावरचा कोळीवाडा मात्र आपल्या जागी राहिला. तो हलला नाही याचे कारण केवळ परंपरेचा अभिमान हे नव्हे. होडी जेथे लागते तेथूनच हा धंदा करता येतो.

उधाण आणि भांग

कोळीवाड्याचा दिवस घड्याळाने सुरू होत नाही. भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते; त्यामुळे आज पहाटे तीनला निघालेली होडी चार दिवसांनी सूर्योदयाच्या सुमारास निघते. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास पाण्यास जोराची ओढ असते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास ओढ मंदावते, तो भांग. समुद्रतळाशी खुंट रोवून त्यांना बांधलेले, निमुळत्या पिशवीच्या आकाराचे डोल जाळे प्रवाहाच्या जोरावरच मासळी गोळा करते. म्हणून उधाणाच्या दिवसांत डोलीवर धावपळ असते आणि भांगाच्या दिवसांत जाळी विणण्यास, डागडुजीस व घरच्या कार्यास वेळ मिळतो. बोंबील, मांदेली, जवळा ही मासळी डोलीची. पापलेट, रावस, सुरमई, घोळ यांच्यासाठी निराळी जाळी लागतात आणि ती टाकण्याची जागाही निराळी. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे आणि दुपारी समुद्राकडून येणारे खारे वारे यांचा हिशेब शिडाच्या काळात जितका मोलाचा होता, तितका इंजिनाच्या होडीस उरलेला नाही. तरीही अनुभवी तांडेल वाऱ्याची दिशा पाहिल्याशिवाय नांगर उचलत नाही.

वरळीच्या बहुतेक होड्या लहान आहेत. ससून गोदीतून वा भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या मोठ्या ट्रॉलरप्रमाणे त्या आठ-दहा दिवस खोल समुद्रात राहत नाहीत. सकाळी जाऊन दुपारपर्यंत किंवा रात्री जाऊन पहाटेपर्यंत परतणे, असा त्यांचा क्रम. अशा मच्छीमारास किनाऱ्यालगतचे पाणी म्हणजे शेतकऱ्यास गावालगतचे रान. कोणत्या खडकाशी शेवंड मिळते, कोठे तळ चिखलाचा आहे, कोणत्या ठिकाणी जाळे अडकून फाटते, याची माहिती कागदावर नसते. ती बापाकडून मुलाकडे जाते आणि खडक बुजला की निरुपयोगी ठरते.

पावसाळ्यात समुद्र बंद होतो. पूर्वी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारून ठेवण्याची रीत समाजानेच पाळली होती. आता महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यंत्रचलित नौकांना मासेमारीस मनाई असते. हा काळ बहुतेक मासळीच्या विणीचा. शिवाय समुद्रही खवळलेला. मनाईस कोळ्यांचा विरोध नाही, उलट ती अधिक काटेकोर व्हावी अशीच पारंपरिक मच्छीमारांची मागणी असते, कारण मोठ्या पर्ससीन जाळ्यांनी व प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीचा पहिला फटका लहान होडीस बसतो. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले आणि २०२१ मध्ये मूळ अधिनियमात सुधारणा करून दंडाची तरतूद कडक केली. नियम चांगले आहेत. समुद्रावर त्यांची अंमलबजावणी करणे हे जमिनीवरच्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, एवढेच.

पाटीचा हिशेब

मासळी होडीतून उतरली की पुरुषाचे काम संपते व बाईचे सुरू होते. कोळी समाजात बाजार स्त्रियांच्या हाती आहे, हे विधान नेहमी केले जाते. त्याचा अर्थ मात्र पुरतेपणी उलगडून पाहिला जात नाही. मासळीचा भाव ती ठरवते, उधारी ती देते आणि वसूल करते, डिझेल व बर्फाचे पैसे तिच्या कनवटीतून सुटतात. घरची मासळी कमी पडली तर ती पहाटे ससून गोदीवर जाऊन लिलावात मासळी घेते. १८७५ मध्ये सुरू झालेली ही गोदी मूळची कापसाच्या व्यापारासाठी. आज तिच्यावर राज्य आहे ते पाट्या घेऊन आलेल्या कोळणींचे. तेथून मंडईत किंवा ठरलेल्या घरी फिरून दुपारपर्यंत वाटे विकले जातात. वाट्यात किती बोंबील यावेत याचा निर्णय गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर अवलंबून असतो, असे गमतीने म्हटले जाते. पण जुन्या गिऱ्हाइकास दोन अधिक घालण्याची रीत हा या व्यवसायाचा खरा विमा आहे.

उन्हाळ्यात, आगोटीच्या आधी, कोळीवाड्याचे रूप बदलते. बांबू उभारून ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील लटकू लागतात, मोकळ्या जागेत जवळा व मांदेली पसरली जाते, सोलून वाळवलेल्या कोळंबीचे सोडे डब्यांत भरले जातात. पावसाळ्याच्या दोन महिन्यांचा संसार या सुक्या मासळीवर चालतो. यासाठी ऊन, वारा आणि मोकळी जागा यांखेरीज भांडवल लागत नाही. पैकी पहिली दोन अद्याप फुकट आहेत. मोकळी जागा ही मुंबईत सर्वांत महाग वस्तू असल्याने वाळवणाची जागा दरवर्षी थोडी थोडी आकसत चालली आहे.

याखेरीज एक काम असे आहे की त्याची गणना मासेमारीतही होत नाही. ओहोटीस उघड्या पडणाऱ्या खडकांवरून कालवे, तिसऱ्या, चिंबोऱ्या गोळा करणाऱ्या स्त्रिया व वृद्ध माणसे यांच्याकडे होडी नसते, परवाना नसतो, सहकारी संस्थेचे सभासदत्वही बहुधा नसते. दोन तासांच्या ओहोटीत त्या दिवसाच्या कालवणाची आणि थोड्याफार रोकडीची सोय करून घेतात.

गोलफादेवीचा कौल

टेकडीवरचे गोलफादेवीचे देऊळ हे कोळीवाड्याचे श्रद्धास्थान. देवीस कौल लावण्याची प्रथा येथे चालत आली असून लग्नकार्य, नवी होडी, आजारपण अशा प्रसंगी कौल घेण्यास वरळीबाहेरचे कोळी व इतर समाजांचे लोकही येतात. पौष पौर्णिमेस देवीची जत्रा भरते. होळीच्या रात्री सजविलेले मडके डोक्यावर घेऊन पारंपरिक लुगडे नेसलेल्या स्त्रिया मिरवत निघतात, आणि श्रावणी पौर्णिमेस सोन्याचा मुलामा दिलेला किंवा सोनेरी कागदाने मढविलेला नारळ समुद्रास अर्पण होतो. हे सारे उत्सव छायाचित्रकारांना ठाऊक आहेत. त्यांच्यामागे जमात व तिचे पाटील ही जी व्यवस्था उभी असते ती फारशी दिसत नाही. कोणाची होडी उशिरापर्यंत परतली नाही तर शोधास कोणी निघायचे, वादात कोणाचे ऐकायचे, उत्सवाची वर्गणी कोणास माफ करायची हे ठरविणारी ही व्यवस्था. सहकारी संस्था आल्यावर तिचे काही काम संस्थांकडे गेले. डिझेलवरील कराचा परतावा, कर्ज, बर्फ व बाजार यांची सोय संस्थांमार्फत होऊ लागली, आणि समाजाला कचेरीशी बोलण्यासाठी एक अधिकृत आवाज मिळाला.

२०२० च्या मार्चअखेरीस कोरोनाच्या साथीत मुंबईतील अगदी आरंभीच्या काळात पूर्णपणे बंद करण्यात आलेल्या वस्त्यांत वरळी कोळीवाडा होता. दाट वस्ती, सामाईक शौचालये आणि अरुंद गल्ल्या यांमुळे साथ आवरणे कठीण ठरले. त्याच दाटीत घरोघरी शिधा व औषध पोचविण्याचे काम करणारे स्थानिक तरुणही होते. त्या आठवड्यांत होड्या किनाऱ्यावर उभ्या राहिल्या आणि रोजच्या मिळकतीवर चालणाऱ्या घरांची शिल्लक किती अल्प असते हे उघड झाले.

खांबांतील अंतर

३० जून २००९ रोजी वांद्रे-वरळी सागरी सेतूचे उद्घाटन झाले. सुमारे साडेपाच किलोमीटर लांबीचा हा सेतू कोळीवाड्याच्या समोरून जातो. शहराच्या दृष्टीने ती अभिमानाची गोष्ट होती व आहे. कोळ्यांच्या दृष्टीने त्यांच्या अंगणासमोर प्रथमच खांबांची रांग उभी राहिली. खांबांभोवती पाण्याचा प्रवाह बदलतो, भोवरे होतात, वाऱ्याच्या झोताने लहान होडी खांबाकडे ढकलली जाते, हा अनुभव त्यांना या सेतूने दिला.

२०१८ मध्ये मुंबई महानगरपालिकेने मरीन ड्राइव्हवरील प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून सागरी सेतूच्या वरळी टोकापर्यंत १०.५८ किलोमीटर लांबीच्या किनारी रस्त्याचे काम हाती घेतले. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकल्पाची किनारा नियमन क्षेत्रविषयक मंजुरी रद्द केली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिल्यावर काम पुन्हा सुरू झाले. हा रस्ता सागरी सेतूस जोडण्यासाठी वरळीच्या समुद्रात पूल आवश्यक होता. नेमक्या याच पाण्यातून क्लीव्हलँड बंदरावरील होड्या ये-जा करतात.

आराखड्यात पुलाच्या दोन खांबांतील अंतर ६० मीटर होते. तज्ज्ञांच्या अहवालाच्या आधारे ते पुरेसे असल्याचे महापालिकेचे म्हणणे होते. होडीची रुंदी मोजली तर ते पुरेसे दिसते, यात शंका नाही. मच्छीमारांनी २०० मीटर मागितले, कारण ते होडीची रुंदी मोजत नव्हते. अंधारात, उधाणाच्या ओढीत, आडव्या वाऱ्यात, समोरून दुसरी होडी येत असताना आणि इंजिन बंद पडले असता होडी किती वाहवत जाते, हा त्यांचा हिशेब होता. शांत पाण्यात सरळ जाणारी होडी कागदावर काढता येते. वाहवत जाणारी होडी काढता येत नाही. मतभेदाचे मूळ येथे होते. २०२१ च्या अखेरीस मच्छीमारांनी आपल्या होड्या समुद्रात आणून खांबांचे काम रोखले. चर्चेच्या अनेक फेऱ्या झाल्या. अंतर वाढविले तर खर्च वाढतो व काम लांबते, ही प्रशासनाची अडचणही खरी होती. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने आठव्या क्रमांकाचा खांब वगळून सातव्या व नवव्या खांबांत १२० मीटर अंतर ठेवण्याचा निर्णय जाहीर केला.

मधला खांब गेल्याने पुलाची रचनाच बदलली. एवढे अंतर एका झेपेत ओलांडण्यासाठी धनुष्याकृती कमानीच्या पोलादी तुळया वापराव्या लागल्या. सुमारे दोन हजार टन वजनाची व १३६ मीटर लांबीची पहिली तुळई एप्रिल २०२४ मध्ये आणि सुमारे अडीच हजार टन वजनाची, १४३ मीटर लांबीची दुसरी मे २०२४ मध्ये भरती-ओहोटीची वेळ साधून समुद्रमार्गे आणून बसविण्यात आली. अभियंत्यांनाही त्या दिवशी कोळ्यांचेच वेळापत्रक पाळावे लागले. सप्टेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये हे दोन जोडपूल वाहतुकीस खुले झाले. गाडीतून जाणाऱ्यास या कमानी शहराची नवी शोभा वाटतात. त्या कोणाच्या आग्रहामुळे तेथे आहेत, याची पाटी पुलावर नाही.

वाट मिळाली, तथापि खडकांचे नुकसान त्याने भरून आले नाही. रस्त्याच्या भरावाखाली किनाऱ्याचा ओहोटीस उघडा पडणारा बराच भाग गेला. वरळी व हाजी अली येथील खडकांवर आढळलेल्या प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० मध्ये दुसऱ्या जागी नेऊन लावण्यात आल्या. खडकांवर कालवे काढणाऱ्या स्त्रियांना असे उचलून दुसरीकडे लावता येत नाही. नुकसानभरपाईसाठी टाटा समाजविज्ञान संस्थेकडे अभ्यास सोपविण्यात आला, तेव्हा प्रश्न उभा राहिला तो नोंदींचा. होडीची नोंदणी असते, नाखव्याचा परवाना असतो, खलाशाकडे तो असेलच असे नाही आणि ओहोटीस खडकावर जाणाऱ्या बाईकडे तर काहीच नसते. भरपाई मिळण्यासाठी आधी आपण मासेमारी करतो हे कागदाने सिद्ध करावे लागते.

घराची हद्द

नोंदीचा हाच प्रश्न जमिनीवरही आहे. कोळीवाडा हे गाव असताना त्याच्या काही भागाकडे झोपडपट्टी म्हणून पाहिले जाते, याचे शल्य रहिवाशांना आहे. झोपडपट्टी ठरली की पुनर्वसनाच्या इमारतीत ठराविक क्षेत्राची खोली मिळते. तिच्यात कुटुंब राहू शकते, पण जाळे राहू शकत नाही. चौदाव्या मजल्यावर बोंबील वाळवता येत नाहीत आणि पाण्याची ओढ पाहण्यासाठी उद्वाहनाने खाली उतरणे कोणत्याही तांडेलास परवडणारे नाही.

किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद करण्यात आली व त्यांचे सर्वेक्षण करून स्थानिकांना घरांच्या बांधकामाची मुभा देण्याचे ठरले. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या शहराच्या विकास आराखड्याच्या निमित्ताने कोळीवाडे व गावठाणे यांच्या सीमांकनाची मागणी अधिक जोराने पुढे आली. घरांभोवती रेषा ओढणे तुलनेने सोपे आहे. जाळी विणण्याची जागा, वाळवणाची जागा, होडी ओढून ठेवण्याची जागा आणि बंदराकडे जाणारी पायवाट या रेषेच्या आत घ्यावयाच्या की बाहेर ठेवावयाच्या, यावर खरा वाद आहे. पिढ्यान्‌पिढ्या सामाईक वापरात असलेल्या या जागा कोणा एकाच्या नावावर नसतात, म्हणून सातबारा वा मिळकतपत्रिका मागणाऱ्यास त्या रिकाम्या दिसतात.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. कर्ज, वीज व विमा या बाबतींत शेतकऱ्यास मिळणाऱ्या सवलती मच्छीमारास मिळाव्यात, हा त्याचा हेतू. शेतकऱ्यास निदान शेताची हद्द दाखविता येते. वरळीच्या नाखव्यास दाखविण्यासारखी मोजलेली हद्द आजवर एकच मिळाली आहे आणि ती सातव्या व नवव्या खांबांमधील १२० मीटर पाण्याची आहे.

दरम्यान किनाऱ्यालगतचा मार्ग वांद्र्याच्या उत्तरेस पुढे सरकत आहे. वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूचे खांब ज्या पाण्यात उभे राहावयाचे, त्या पाण्यात खार दांडा, जुहू व वर्सोवा येथील होड्या चालतात. तेथील मच्छीमारांनी पुलाखालून होड्यांना किती रुंद वाट राहणार, हा प्रश्न काम सुरू असतानाच प्रशासनापुढे ठेवला आहे. बोलण्याच्या ओघात वरळीच्या आकड्याचा उल्लेख त्यांच्याकडून हमखास होतो.